किनाऱ्यावरच्या संगणकात रॅम बसवताना

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर वीज जाते आणि तासभर टाइप करत आणलेले, पण जतन न केलेले पत्र नाहीसे होते, हा अनुभव कोकणात संगणक वापरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला आहे. पत्र पडद्यावर दिसत होते, मग ते होते कुठे? ते रॅममध्ये होते. रॅम म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृती. तिच्यातील प्रत्येक बिट, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळत असतो, त्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज असेपर्यंत हे भरणे चालते, वीज गेली की थांबते, आणि त्याबरोबर पत्रही जाते. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट सांभाळण्याची ही रचना आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. १९७० साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ या चिपमध्ये बिट साठवणारे १,०२४ कप्पे होते. आज आठ जीबीच्या, लांबीला वीतभरही नसलेल्या एका पट्टीत ते ६,८०० कोटींहून अधिक असतात.

ही पट्टी आपल्या हाताने बसवता येते. कॅबिनेट उघडून पुन्हा बंद करेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि एका स्क्रू ड्रायव्हरपलीकडे अवजार लागत नाही. तरीही सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या कामातल्या बहुतेक चुका पट्टी बसवताना होत नाहीत, तर ती विकत घेताना होतात. आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला खाऱ्या, दमट हवेचे जे दुखणे येते, त्याविषयी मदरबोर्डबरोबर (संगणकाचे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीबरोबर) मिळणाऱ्या पुस्तिकेत सहसा एक ओळही नसते.

रॅम वाढवल्याने नेमके काय होते, हे आंब्याच्या हंगामात पडवीकडे पाहिले की चटकन समजते. आंबा आतल्या खोलीत अढीत असतो, पण निवडणे, पुसणे, पेटीत भरणे ही कामे अढीत होत नाहीत. त्यासाठी आंबा पडवीत आणावा लागतो. पडवी ऐसपैस असेल तर चार प्रकारची प्रतवारी एकाच वेळी मांडून ठेवता येते. ती अरुंद असेल तर एक रास मांडण्यासाठी दुसरी उचलून आत न्यावी लागते, मग पुन्हा ती बाहेर आणावी लागते, आणि माणसांचा दिवस ये-जा करण्यातच जातो. अढीची खोली म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क), पडवी म्हणजे रॅम आणि पेट्या भरणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. रॅम भरली की संगणक त्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज लागताच परत आणतो. डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद असल्यामुळे आपल्याला जाणवतो तो अडकून अडकून चालणारा संगणक.

यातूनच हेही दिसते की पडवी रिकामी असताना ती आणखी वाढवून उपयोग नाही. म्हणून खरेदीपूर्वी नेहमीची सगळी कामे उघडून ठेवावीत, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, आणि परफॉर्मन्स या पानावर मेमरी किती टक्के वापरली जात आहे ते पाहावे. आकडा सतत ऐंशी-नव्वदच्या वर राहत असेल तर रॅम वाढवणे योग्य आहे. तो पन्नासच्या आसपास असूनही संगणक मंद असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तेच पैसे एसएसडीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम लागते, पण ब्राउझर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंग एकत्र चालवणाऱ्याला आठ जीबीखाली जाऊ नका असेच मी सांगतो, आणि नव्याने पैसे घालायचे असतील तर सोळा.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी कळतात: सध्याच्या रॅमचा वेग, एकूण किती स्लॉट (पट्टी बसवण्याच्या जागा) आहेत व त्यांपैकी किती भरलेले आहेत, आणि पट्टीचा आकार. आकाराच्या ओळीत डिम असे दिसले तर डेस्कटॉपची लांब पट्टी लागते. सोडिम असे दिसले तर लॅपटॉपची, जवळजवळ निम्म्या लांबीची पट्टी लागते. पडद्याच्या मागेच सगळे बसवलेल्या ऑल-इन-वन संगणकांत आणि टेबलावरच्या छोट्या पेटीवजा संगणकांत बहुधा ही आखूड पट्टी असते. आपला संगणक टेबलावर आहे म्हणजे त्याला डेस्कटॉपचीच रॅम लागणार, या समजुतीने चुकीची पट्टी मागवलेले मी अनेक जण पाहिले आहेत.

यानंतर येते रॅमची पिढी, म्हणजे डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५, आणि येथे तडजोडीला जागाच नाही. डीडीआर३ चे मानक २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ही मानके जेडेक नावाची संस्था ठरवते. तीनही पिढ्यांना लागणारा विद्युतदाब वेगळा आहे: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८. चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून पिनांच्या ओळीतील खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते. खाच जुळत नसेल तर पट्टी कितीही दाबली तरी बसणार नाही, आणि बसवण्याचा हट्ट धरल्यास स्लॉट तुटेल.

केवळ प्रोसेसरचे नाव पाहून पिढी ठरवू नये. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ वरही चालतात आणि डीडीआर५ वरही. कोणती पट्टी लागेल हे मदरबोर्ड ठरवतो, आणि एकाच मालिकेतील दोन मदरबोर्डांत हा फरक असू शकतो. एएमडीच्या बाबतीत गोष्ट सोपी आहे: मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ते सॉकेट एएम४ असेल तर डीडीआर४, एएम५ असेल तर डीडीआर५. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आत बसलेल्या पट्टीवरचे लेबल वाचणे आणि मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधून जास्तीत जास्त किती जीबी चालते ते पाहणे.

लेबलवरच्या आकड्यांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. एका पट्टीवर डीडीआर४-३२०० लिहिलेले असते आणि दुसरीवर पीसी४-२५६००, पण दोन्ही एकच. पहिल्या आकड्याचा अर्थ सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण होते असा आहे. प्रत्येक खेपेला ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. ३,२०० ला ८ ने गुणले की २५,६०० एमबी प्रतिसेकंद हा दुसरा आकडा मिळतो. निरनिराळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात. त्यामुळे जुनी पट्टी २४०० ची असताना नवी ३२०० ची घेतल्यास नुकसान नाही, पण वाढीव वेगाची अपेक्षाही ठेवू नये.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांनी एका गोष्टीबाबत विशेष सावध राहावे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण उत्पादक कंपन्यांची मोठी क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळली. साहजिकच वापरलेल्या पट्ट्यांना मागणी आली आणि त्यांच्याबरोबर सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्याही दाखवल्या जाऊ लागल्या. डीडीआर४ मध्ये सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी आणि डेस्कटॉपची साधी पट्टी यांच्या पिना सारख्या आणि खाचही त्याच जागी असते. सर्व्हरची पट्टी स्लॉटमध्ये छान बसते, दोन्ही बाजूंनी टक्क आवाजही येतो, आणि संगणक मात्र सुरू होत नाही. लेबलवर आरडिम किंवा रजिस्टर्ड असे लिहिलेले असेल, किंवा पीसी४-२४००टी-आर असा शेवटी आर येत असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती पट्टी घेऊ नये.

शक्य असल्यास सोळा जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. मदरबोर्डवर प्रोसेसरपासून रॅमपर्यंत बहुधा दोन स्वतंत्र मार्ग असतात. पडवीला दोन दारे असावीत आणि दोन माणसांनी एकाच वेळी ने-आण करावी, तसे हे काम होते. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात याचा फायदा ठळक दिसतो, कारण तेथे पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून येते. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या नसतात. बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. त्यांच्या बाजूला ए२ आणि बी२ अशी बारीक अक्षरे छापलेली दिसतात.

आता प्रत्यक्ष काम. संगणक रीतसर बंद करावा आणि वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून पूर्णपणे काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण वायर जोडलेली असेपर्यंत एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) मदरबोर्डला थोडा वीजपुरवठा चालूच असतो. यूपीएस असेल तर त्याच्यापासूनही वायर सोडवावी. मग संगणकाचे सुरू करण्याचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. कॅबिनेट आडवे करून उजेडात ठेवावे आणि रॅमला हात लावण्याआधी त्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. भर पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही. पण हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी, सिंथेटिक कपडे घालून हे काम करताना ही काळजी खरोखर महत्त्वाची ठरते. आपल्याला झटका जाणवण्यासाठी साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, चिप बिघडण्यासाठी त्याहून पुष्कळ कमी पुरतात.

एक सूचना खास आपल्या हवेसाठी. संगणक एसीच्या खोलीत असेल तर तो तेथेच उघडावा. गार झालेले कॅबिनेट तसेच उचलून दमट पडवीत आणले, तर फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी धरते तसे आतल्या भागांवर दव धरते. आणावेच लागले तर उघडण्यापूर्वी तास-दीड तास तसेच राहू द्यावे.

स्लॉटच्या टोकांना प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. काही मदरबोर्डांवर दोन्ही टोकांना, काहींवर एकाच टोकाला. हलणारी क्लिप बाहेरच्या बाजूला दाबून उघडावी. पट्टी दोन्ही कडांना धरावी आणि सोनेरी पिनांना बोट लावू नये. पट्टीवरची खाच मधोमध नसते, एका बाजूला थोडी कललेली असते. स्लॉटमधला उंचवटा आणि ही खाच समोरासमोर येतील अशी पट्टी फिरवावी आणि सरळ उभी खाली उतरवावी. मग दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवून सारख्या जोराने दाबावे. नवशिक्याचा हात येथेच थबकतो, कारण लागणारा जोर अपेक्षेपेक्षा जास्त असतो; मदरबोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो आणि मन कचरते. खाच जुळल्याची खात्री असेल तर घाबरू नये. क्लिप आपोआप मिटते, टक्क असा आवाज येतो, आणि सोनेरी पिनांची ओळ जवळजवळ पूर्ण आत जाते. एका टोकाला आवाज आला आणि दुसऱ्या टोकाला सोनेरी रेघ तिरकी बाहेर राहिली, तर पट्टी अर्धवट बसलेली आहे. ती काढून पुन्हा बसवावी.

पिनांवरचा मुलामा सोन्याचा असतो, कारण सोने गंजत नाही. पण हा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे असते. थराला सूक्ष्म छिद्रे असतात, वारंवार काढ-घाल केल्याने तो झिजतो, आणि समुद्रावरून येणारे क्षाराचे कण दमट हवेबरोबर तेथे शिरकाव करतात. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातील वाचनालयाचा संगणक एप्रिलअखेर बंद केलेला होता, तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करायला गेले तर पंखा फिरत होता, दिवे लागत होते, पण डिस्प्ले येत नव्हता. तपासायला आलेल्या एकाने मदरबोर्ड गेला असे सांगून नव्या संगणकाची किंमतही दिली होती. "सर, एवढे पैसे वर्गणीतून कसे काढायचे?" असे ग्रंथपाल बाईंनी मला विचारले. मी रॅम काढून खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीच्या एका टोकाला सात-आठ पिनांच्या मुळाशी, मिठागराच्या कडेला दिसते तशी पांढरट साय होती आणि दोन पिनांवर हिरवट ठिपके होते, तांब्याच्या भांड्यावर चढतात तसे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाने मी दोन्ही बाजू पुसल्या, कापडावर हिरवी-काळी रेघ उमटली, मग स्लॉट मऊ ब्रशने झाडून त्यात वाळल्यावर काही न उरणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला, अर्धा तास वाळू दिला आणि पट्टी परत बसवली. संगणक सुरू झाला. त्यानंतर नवी पट्टी मागवून तिच्या जोडीला लावली.

अशा वेळी खोडरबराने पिना घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तिने डिस्प्ले येतोही. तरी मला ती पहिला उपाय म्हणून पसंत नाही, कारण रबर मळाबरोबर सोन्याचा पातळ थरही घासून नेतो, आणि पुढच्या पावसाळ्यात उघड्या पडलेल्या धातूवर गंज अधिक लवकर चढतो. अल्कोहोलने डाग निघतच नसेल तरच मऊ पांढरा रबर एकदा हलक्या हाताने फिरवावा आणि त्याचा चुरा पूर्ण झटकावा. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्यातील ओलावा नेमका नको तेथे जातो. पेट्रोल, अत्तर, गंजावर मारायचे तेल यांपैकी काहीही वापरू नये. आणि पावसाळ्यात संगणक महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा दिवसाआड तास-दोन तास चालवणे चांगले, कारण आतल्या उबेने ओलावा टिकत नाही. काढून ठेवलेली जादा पट्टी तिच्या अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

रॅम बसवल्यावर कॅबिनेट बंद करण्याआधीच संगणक सुरू करून पाहावा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. मदरबोर्ड नव्या पट्टीशी जुळवून घेत असतो. या काळात घाईने वीज तोडू नये. जुन्या पिढीत मात्र मिनिटभरात काहीच दिसले नाही किंवा बीप बीप असा आवाज येत राहिला, तर बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. पुन्हा वायर काढून पट्टी बसवावी. तरीही जमले नाही तर एकच पट्टी ठेवून सुरू करावे, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहावी. अशा अदलाबदलीने दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे निश्चित कळते. शेवटचा उपाय म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून परत लावणे. त्याने बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, जुन्या नोंदी पुसल्या जातात. घड्याळ पुन्हा लावावे लागते, एवढेच.

संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम तपासावी. आठ जीबी लावूनही सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरता येते असे दिसले, तर विंडोज ३२ बिटची आहे. ३२ बिटांनी ४ जीबीपलीकडचे पत्तेच लिहिता येत नाहीत, म्हणून ६४ बिटची विंडोज टाकल्याशिवाय उरलेली रॅम मिळणार नाही. वेग लेबलपेक्षा कमी दिसत असेल तर पट्टी सदोष आहे असे समजू नये. जास्त वेगाच्या पट्ट्या सुरुवातीला जेडेकच्या सुरक्षित वेगावर चालतात, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर५ मदरबोर्डवर एक्स्पो, ही जास्त वेगाची सेटिंग सुरू केल्यावरच लेबलवरचा वेग मिळतो. कार्यालयाच्या कामासाठी हे न केले तरी चालते. आपल्याकडच्या चढउताराच्या विजेवर मी तर सुरक्षित वेगच ठेवतो.

त्यानंतर एक रात्र परीक्षेसाठी द्यावी. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय आधीपासून असते, आणि मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवता येते. दुसरी चाचणी अधिक कसून होते. यात एकही चूक दाखवली गेली तरी ती पट्टी ठेवू नये, कारण रॅममधली चूक बिघडलेल्या पंख्यासारखी आवाज करत नाही. ती हिशेबाच्या फाइलमध्ये एखादा आकडा बदलून जाते आणि वर्षअखेर ताळमेळ लागेपर्यंत कोणाला कळतही नाही. चाचणी निर्दोष झाली की कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी: पट्टी कोणत्या पिढीची, किती जीबीची, कोणत्या स्लॉटमध्ये, कोणत्या तारखेला लावली, आणि पिना शेवटच्या कधी पुसल्या. वाचनालयाच्या संगणकात अशी चिठ्ठी आहे, आणि दर मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तिच्यावर एक नवी तारीख चढते.